पोरं शेवटी पोरांनाच विचारत्यात

मेडिकलमध्ये पंधरा ते वीस वयाचं पोरगं स्वतःच्या कामासाठी कधी एकटं येत नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या, आज्जीचा बाम न्यायला येतं एकटंच, पण स्वतःचं काही असलं की दोघं येतात. एक बोलणारा आणि एक ज्याचं काम आहे तो. ज्याचं काम आहे तो बाहेर गाडीवर बसून मोबाईलमध्ये तोंड घालतो, बोलणारा आत येऊन आधी ओआरएसचं पाकीट नाहीतर बँडेड मागतो, बाकीची गिऱ्हाईकं जायची वाट बघतो, आणि मग काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "काका, एका मित्राला जरा..."

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझं मेडिकल आहे, अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत बोलणारी पोरं बदलली, मोबाईल बदलले, पण ही जोडी तशीच आहे. म्हणून कुणी मला सांगायला लागलं की 'तरुणांमध्ये पिअर एज्युकेशन सुरू करायला हवं', म्हणजे पोरांनीच पोरांना शिकवायचं, की मला हसू येतं. अहो सुरू कशाला करताय, ते चोवीस तास चालूच आहे की. तालमीत, कट्ट्यावर, हॉस्टेलच्या रूमवर, टपरीच्या मागं, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. कुठली पावडर खाल्ली की दंड भरतो, कुठल्या गोळीनं महिन्यात गाल वर येतात (ही गोळी बऱ्याचदा स्टेरॉइड असते, अंगात पाणी साठतं आणि पोरगं म्हणतं तब्येत झाली), पोरीची तारीख चुकली तर काय करायचं, पेपरच्या आदल्या रात्री झोप येऊ नये म्हणून काय घ्यायचं, हा सगळा सिलॅबस पोरं पोरांना शिकवतायतच. प्रश्न एवढाच आहे की या चालू शाळेत आपण काही भर घालणार का तिच्या शेजारी दुसरी एक खोटी शाळा बांधून तिचे फोटो काढणार.

खोटी शाळा म्हणजे काय ते सांगतो. दोन वर्षांमागं एका कॉलेजनं मला 'तज्ज्ञ' म्हणून बोलावलं होतं. बॅनर होता, समवयस्क शिक्षक प्रशिक्षण, जीवनकौशल्ये, आरोग्य आणि शाश्वत विकास. वीस पोरंपोरी निवडलेली, सगळ्यांना टोपी आणि बिल्ला. निवड सरांनी केलेली, म्हणजे ज्यांची हजेरी भरलेली, जी वक्तृत्वात नंबर काढतात, जी सरांना नमस्कार करतात ती. डब्ल्यूएचओची दहा जीवनकौशल्यं त्यांना पाढ्यासारखी पाठ होती, स्वतःची जाणीव, समानुभूती, निर्णय घेणं, ताणाला तोंड देणं, एक पोरगा तर दम न घेता दहाही म्हणाला आणि टाळ्या पडल्या. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांचे रंगीत चौकोन लावलेले आणि त्याच्याच खाली टेबलावर पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांचा ढीग. मी बोलून झाल्यावर सहज विचारलं, गेल्या महिन्याभरात तुमच्या वर्गातल्या कुणी तुम्हाला येऊन काही खाजगी प्रश्न विचारला असेल तर हात वर करा. वीसातले दोन हात वर आले. दोन्ही मुली, दोघीही हॉस्टेलला राहणाऱ्या. पाढे म्हणणाऱ्या पोराचा हात खालीच.

आता त्या पोराची यात काही चूक नाही, पोरगा चांगलाच होता. पण ज्याला कुणी काही विचारत नाही त्याला आपण शिक्षक केलं, आणि ज्याला सगळे विचारतात तो त्या दिवशी कॉलेजलाच आला नव्हता.

तो कोण ते मला माहीत होतं, कारण तो माझ्या दुकानात यायचा. नाव सांगत नाही, आमच्या भागातल्या एका टीमचा गोलकीपर आहे, आपण गोलकीपरच म्हणू. बारावी एकदा गेलेली, खिशात तंबाखूच्या माव्याची पुडी, तोंडात शिव्या. 'बोलणारा' म्हणून दर पंधरा दिवसांनी कुणाला ना कुणाला घेऊन यायचाच. एकदा एका अकरावीच्या पोराला घेऊन आला, ते पोरगं नुसतं घामाघूम. त्याला झोपेत वीर्य जातं म्हणून कुठल्याशा भिंतीवरची जाहिरात वाचून त्यानं एका तंबूवाल्याकडं तीन हजार घातले होते, घरातून चोरून. मी आपलं शास्त्र सांगायला सुरुवात केली, या वयात असं होणं नॉर्मल आहे, हा आजार नाही, यानं अशक्तपणा येत नाही वगैरे, ते पोरगं खाली बघत होतं. गोलकीपर मध्येच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आरं सगळ्यांस्नी हुतंय लगा, मला बी हुतंय, घाबरतोस काय." झालं. पोरानं वर बघितलं. माझ्या डी.फार्मपेक्षा त्या एका वाक्याचा डोस भारी पडला, आणि मला त्याचा राग पण आला थोडा, खरं सांगतो.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, १० ते १९ वयाच्या पोरांसाठी, आणि त्यात गावागावांत 'साथिया' म्हणून पिअर एज्युकेटर नेमायचं ठरलं, पोरगेही आणि पोरीही, आशाताईंच्या जोडीनं. विषय बघा, पोषण, लैंगिक आरोग्य, मनाचं आरोग्य, हिंसा आणि अपघात, व्यसन, आणि शुगर-बीपीसारखे आजार. कागदावर लई भारी आहे. आणि ज्या महाराष्ट्रानं २००७ साली शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली होती त्याच महाराष्ट्रात सात वर्षांनी हे आलं म्हणजे प्रगतीच म्हणायची. पण कागद आणि कट्टा यांच्यात जे अंतर आहे ते कुणी चालायला तयार नाही.

पहिली गोष्ट निवडीची. वेल्स आणि इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या ५९ शाळांमध्ये सिगारेटविरुद्ध एक मोठा प्रयोग झाला होता, २००८ ला त्याचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांनी काय केलं, १२-१३ वर्षांच्या पोरांनाच चिठ्ठीवर लिहायला लावलं की तुमच्या वर्षातली कुठली पोरं तुम्हाला भारी वाटतात, तुम्ही कुणाचं ऐकता. ज्यांची नावं जास्त आली त्यांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवस ट्रेनिंग दिलं आणि सांगितलं की लेक्चर द्यायचं नाही, भाषण नाही, जेवायच्या सुट्टीत, बसमध्ये, घरी जाताना गप्पा मारता मारता बोला. ज्या शाळांत हे झालं तिथं सिगारेटकडं वळणारी पोरं कमी निघाली. आता अशा चिठ्ठ्यांत कधी कधी सगळ्यात दांडगट पोराचं नाव येणार, आणि इथंच आपल्याकडं घोडं अडतं. आमच्या गोलकीपरला बिल्ला लावायला कुठले सर तयार होतील? मावा खाणारा पोरगा आरोग्याचा शिक्षक? लोक काय म्हणतील?

पण तालमीचा विचार करा. नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद त्याला पहिले काही महिने बघतसुद्धा नाहीत. जोर कसे मारायचे, बैठका किती, माती अंगाला कशी लावायची, लंगोट कसा बांधायचा, दुखलं तर कुणाला सांगायचं, हे सगळं त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला पैलवान शिकवतो. वस्ताद तो मोठा पोरगा कसा शिकवतोय यावर लक्ष ठेवतात. १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान झालं त्याच्याही आधीपासून ही पद्धत या शहरात आहे, म्हणजे पिअर एज्युकेशन हा शब्द कोल्हापूरला कुणी बाहेरून आणून शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, त्यातही खेड्यातनं आलेल्या पोराला शहरात कसं राहायचं ते शिकवणारं दुसरं कोण असणार, वरच्या वर्गातलीच पोरं. मघाशी सांगितलेल्या त्या दोन हॉस्टेलच्या पोरींचे हात वर आले त्याचं कारण हेच असणार. रूमवर आठजणी राहतात, लाईट गेल्यावर जे बोलणं होतं ते कुठल्या वर्कशॉपमध्ये होणार नाही.

पोरींचं सांगतो. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के ॲनिमिक निघाल्या, हा सरकारच्याच पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे. शाळेतनं आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, आणि ती गोळी खिडकीतनं बाहेर जाते हे सगळ्या पोरींना माहीत आहे. का, तर मळमळतं. हॉस्टेलच्या त्या दोघींतल्या एकीनं मला विचारलं होतं, काका ही गोळी बाद असती काय. मी म्हटलं रिकाम्या पोटी खाऊ नको, जेवल्यावर खा, आणि वर लगेच चहा पिऊ नको, चहानं लोह अंगी लागत नाही. एवढंच. पुढच्या महिन्यात तीच येऊन सांगते की रूमवरच्या सगळ्या आता रात्री जेवून खातात, आणि एकीची मावशी म्हणते काळी शी होते म्हणून बंद करा, ते खरं काय? म्हटलं काळी होतेच, लोहामुळं, घाबरायचं नाही. पुढं दोन वर्षं तिचे प्रश्न येत राहिले आणि त्यातला एकही तिचा एकटीचा नव्हता.

दुसरी गोष्ट विषयाची. दारूबंदी, तंबाखूबंदीच्या कार्यक्रमात पोस्टरवर कायम काय असतं, जळती सिगारेट. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली मोठी माणसं ओढणारी निघाली ३.८ टक्के आणि चघळणारी २४.४ टक्के. म्हणजे आपण पोस्टर भलत्याच रोगाचं लावतोय. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, मावा टपरीवर घोटून मिळतो, सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात चोळून. पोरगं सिगारेटचं फुफ्फुस बघून म्हणतं, आपण कुठं ओढतो, आपण क्लीन.

याउलट एक बघा. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराला झोपेतनं उठवून विचारा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी किती? ३९ फूट. धोका? ४३. कुणी शिकवलं? कुणीच नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत, तेव्हापासून जुलै आला की प्रत्येकाच्या स्टेटसला पंचगंगेचे फूट आणि इंच असतात. १७ ध्येयांमधलं तेरावं हवामानाचं आहे हे त्या पोराला सांगता येणार नाही पण कुठल्या पुलावर पाणी कधी येतं, कुठली गल्ली आधी बुडते, म्हसरं कधी हलवायची, हे येतं. शाश्वत विकास त्याला इथून शिकवा ना, चौकोनांवरून कशाला. २०१९ च्या पुरात तालमीची आणि मंडळांची पोरं गळ्याएवढ्या पाण्यात माणसं काढत होती, आणि पाणी उतरल्यावर पायाला चिखल्या घेऊन माझ्याकडं मलम मागायला आली. मी त्यांना लेप्टोचं सांगितलं, की उंदराच्या मुतानं बाधलेलं पाणी जखमेतनं अंगात गेलं की ताप येतो, पिंढऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, असं झालं तर घरात पडून राहू नका, सरकारी दवाखान्यात जा, पुराच्या पाण्यातनं आलोय हे आधी सांगा. त्यातल्या एकानं तिथंच उभं राहून अस्सल कोल्हापुरीत व्हॉइस मेसेज केला, दोन शिव्यांसकट, आणि ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला माझ्या मेव्हण्याकडनं परत आला. छापील पत्रकंही आली नंतर, काउंटरवर गठ्ठा पडून होता, मी त्यात पावडर बांधून दिली.

आता विरोधात बोलणाऱ्यांचं ऐकू, कारण ते काही वेडे नाहीत. पहिला आक्षेप, आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची का? पोराला अर्धवट कळणार आणि ते पूर्ण आत्मविश्वासानं सांगणार. खरं आहे. आमच्या गोलकीपरनंच एका पोराला सांगितलं होतं की संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी म्हणजे नेहमीचा उपाय, घ्यायची प्रत्येक वेळी. त्या पोराला महिन्यात तिसऱ्यांदा तीच गोळी मागताना बघून मी दोघांना धरून बसवलं, की बाबांनो ही आणीबाणीची गोळी आहे, जितका उशीर तितका तिचा भरवसा कमी, पोरीची पाळी पुढंमागं होते, आणि हिच्यानं रोग तर कुठलाच थांबत नाही. गोलकीपरला ते माहीत नव्हतं. पण त्याला माहीत नव्हतं म्हणून पोरं त्याला विचारायची थांबली होती काय? नाही ना. मग शहाणपण कशात आहे, त्याला गप्प बसवण्यात का त्याला नीट सांगण्यात?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पिअर एज्युकेशनवर जगभर जे अभ्यास झाले त्यात पुन्हा पुन्हा असं दिसलंय की पोरांची माहिती वाढते पण वागणं फारसं बदलत नाही, आणि सगळ्यात जास्त फायदा होतो तो शिकवणाऱ्या पोराचा स्वतःचा. लोक हा निष्कर्ष 'बंद करा' म्हणायला वापरतात. मला उलट वाटतं. शिकवणाराच जर सगळ्यात जास्त शिकत असेल तर शिकवायला हुशार पोरगा बसवून काय उपयोग, ज्याला गरज आहे त्यालाच बसवा, आणि दरवर्षी बदला. माव्याचं पोरगं माव्यावर बोलू दे.

आणि वागणं कुठंच बदलत नाही असंही नाही. इथून ४५-५० किलोमीटरवर सांगली आहे. तिथं संग्राम संस्थेनं १९९२ पासून देहविक्री करणाऱ्या बायकांमधूनच कार्यकर्त्या उभ्या केल्या, एचआयव्हीची भीती सगळ्यात जास्त होती तो काळ. बायकाच बायकांना निरोध वाटायच्या, पुढं १९९६ ला त्यांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद झाली. ते का चाललं? कारण त्या बायका कुणाचा तरी निरोप पोचवत नव्हत्या. त्यांचा जीव त्यात होता, निर्णय त्यांचे होते, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं कसं इथपासून पोलिसानं मारलं तर काय करायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच ठरवलं. आणि आपण कॉलेजच्या पोरांना काय देतो, बिल्ला आणि रजिस्टर. महिन्याला किती 'सत्रं' घेतली ते भरा, खाली सह्या घ्या. पोस्टमन करून टाकतो त्यांना, तोही बिनपगारी. साथियाला मानधन नाही, काही वस्तूबिस्तू मिळाली तर मिळाली. पोरगं संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करून पैसे मिळवतं, त्याला तुम्ही सांगणार समाजासाठी फुकट फिर. मी म्हणतो महिन्याला हजार रुपये तरी द्या, बॅनरचा आणि टोप्यांचा खर्च वाचवला तरी त्यात दोन पोरं बसतील.

तिसरी गोष्ट, जिच्यावर कुणीच बोलत नाही, ती म्हणजे पुढचं दार. पिअरनं पोराला आणलं, पण आणलं कुठं? किशोरांसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' नावानं क्लिनिकं आहेत, कल्पना चांगली आहे. पण ओपीडी सकाळची, पोरगं सकाळी कॉलेजला. केसपेपरच्या रांगेत शेजारची काकू उभी. एकदा गोलकीपर एका मित्राला एका दवाखान्यात घेऊन गेला तर खिडकीवरच्या माणसानं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "कशासाठी आलाईस?" दोघं उलट्या पावली परत. तो मला म्हणाला, "काका, परत कुणाला न्हेणार न्हाई मी, माझी इज्जत जाती." त्याची इज्जत म्हणजेच तर या सगळ्या कार्यक्रमाचं भांडवल आहे. ते एका खिडकीवर एका मिनिटात संपलं.

त्यात कायद्याचा पेच वेगळा. पॉक्सो म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली १८ च्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही, आणि डॉक्टरला कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक. कायदा कशासाठी आहे ते मला समजतं, पोरींवर काय काय होतं ते दुकानात बसून पण कळतं. पण सतरा वर्षांची पोरगी मैत्रिणीला विश्वासात घेऊन काही सांगते तेव्हा त्या मैत्रिणीनं काय करायचं हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये सांगत नाहीत. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये गर्भपाताच्या बाबतीत म्हटलंय की अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे एक वाक्य जरी पिअर एज्युकेटर पोरींना माहीत असलं तरी काहीजणींचा भोंदूकडं जायचा रस्ता बंद होईल. पण तिथं आपण समानुभूतीची व्याख्या पाठ करून घेतोय.

मनाच्या आजाराचंही तेच. पोरगं म्हणालं 'जगावंसं वाटत नाही' तर मित्रानं काय करायचं? 'टेन्शन नको घेऊ भावा' म्हणून चहा पाजायचा, हेच आपण करतो. मी माझ्या परीनं एवढंच सांगतो की हसण्यावारी नेऊ नका, त्याला सरळ विचारा की जिवाचं काही करायचा विचार आहे का, विचारल्यानं कुणी करत नाही, त्याला एकटं सोडू नका, आणि १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा नंबर मी काउंटरवर चिकटवलाय, यूपीआयच्या स्टिकरच्या शेजारी, कारण तिथं प्रत्येक पोराची नजर जातेच.

गोलकीपरचं राहिलंच की.

मागच्या पावसाळ्यात त्याला मी तीन बोटांचं सांगितलं. तोंड पूर्ण उघडायचं आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालायची. बसली तर ठीक. नाही बसली तर सुपारीनं गालाच्या आतली कातडी आखडायला लागलीय, तोंड हळूहळू बंद होत जातं, आणि पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतं. तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसनंतर त्यानं अख्ख्या टीमला ग्राउंडवर ओळीनं उभं करून तोंडात बोटं घालायला लावली, आधी सगळी पोरं खिदळत होती, कोण व्हिडिओ काढतंय, कोण शिट्ट्या मारतंय. दोघांची तिसरं बोट जाईना. एकानं जोर लावून बघितलं तरी जाईना. मग कुणी हसलं नाही म्हणे. त्या दोघांना तो स्वतः दाताच्या डॉक्टरकडं घेऊन गेला, यावेळी मी आधी फोन करून ठेवला होता आणि संध्याकाळची वेळ मागून घेतली होती, खिडकी नाही, केसपेपर नाही. एकाचा मावा सुटलाय, दुसऱ्याचा अजून चालू आहे.

गोलकीपरचा पण चालू आहे, कमी झालाय म्हणतो, मी विश्वास ठेवत नाही. दर सोमवारी दुकानासमोर गाडी लावतो, काउंटरवर येतो, आ करून तीन बोटं घालून दाखवतो. "बसत्यात अजून," म्हणतो. काल आला तेव्हा बरोबर नववीतलं एक पोरगं होतं, बाहेर गाडीवर बसलेलं, मोबाईलमध्ये तोंड घालून.

"काका," गोलकीपर काउंटरवर वाकला, "ह्येच्या एका मित्राला..."

मी म्हटलं, त्याला आत बोलव आधी.